धक्क्याला भूकंपाचा धक्का बसतो तेव्हा नेमकं काय मोडतं?

तुमचे प्रश्न तीन आहेत. सल्लागार कंपनीत दोन वर्षं तुम्ही बंदराच्या धक्क्यांची गणितं करता आहात. तिथले वरिष्ठ म्हणतात की जहाज लागतानाचा मार भूकंपापेक्षा मोठा असतो, मग भूकंपाची वेगळी चिंता कशाला? दुसरा प्रश्न, जुन्या नकाशांत सर्रास दिसणारे रेकर पाइल, म्हणजे जमिनीत तिरपे रोवलेले खांब, नव्या नकाशांतून का गेले? आणि तिसरा प्रश्न घरचा. तुम्ही पालघरचे, डहाणू-तलासरीकडे २०१८च्या नोव्हेंबरपासून जमीन हलते आहे, तर तिथल्या वाढवण बंदराचं काय?

मी बत्तीस वर्षं या कामात आहे. पहिली बारा वर्षं साइटवर पाइल ओतण्यात गेली, पुढची डिझाइनच्या टेबलावर. तिन्ही उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगतो. भूकंपात धक्का बहुतेक वेळा स्वतःच्या वजनाच्या हेलकाव्यानं जात नाही. त्याच्या मागची आणि खालची माती त्याला समुद्राकडे ढकलते. ज्यानं फक्त काँक्रीटचं गणित केलं त्याचं निम्मं काम व्हायचंच असतं, आणि उरलेलं निम्मंच जास्त घातक असतं.

आता पहिला प्रश्न. तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं खोटं नाही, पण ते अरुंद जेट्टीपुरतं खरं आहे. मच्छीमारांची किंवा प्रवासी लाँचची सहा-आठ मीटर रुंदीची जेट्टी घ्या. तिचं स्वतःचं वजन थोडं, बोट मात्र येऊन चांगली आदळते. तिथे फेंडरवरचा, म्हणजे धक्क्याच्या कडेच्या रबरी गादीवरचा, मार सगळ्यांना मागे टाकतो. आता कंटेनर धक्क्याचा एक तुकडा घ्या, ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद. स्लॅब, तुळया, क्रेनच्या रुळाखालच्या जाड तुळया आणि वरचा थर मिळून चौरस मीटरला दोन टन धरले तर त्याचं वजन झालं ४,८०० टन. दीड लाख टन विस्थापनाचं जहाज सेकंदाला १० सेंटिमीटर वेगानं लागलं तर त्याची ऊर्जा साधारण ७५ टन-मीटर भरते, आणि ती शोषताना एक मोठा फेंडर दोनशेच्या आसपास टनांचा रेटा डेकला, म्हणजे धक्क्याच्या वरच्या सपाट भागाला, देतो. भूकंपाचा गुणांक, म्हणजे वजनाचा किती हिस्सा आडवा येतो तो आकडा, नुसता ०.१० धरला तरी त्या ४,८०० टनांवर आडवं बल येतं ४८० टन. शिवाय हा ०.१० आकडा कोडमधल्या R या गुणकानं (बांधकाम मोडून न पडता वाकू शकतं म्हणून बलात मिळणारी सूट) भागून बराच खाली आणलेला असतो. म्हणजे रुंद धक्क्यावर भूकंपच भारी. हे गणित तुम्ही तुमच्या चालू कामाच्या आकड्यांनी अर्ध्या तासात करून वरिष्ठांसमोर ठेवू शकता. ते ऐकतील, कारण यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पण यात अजून माती आलेलीच नाही. तिच्यासाठी जपानमधल्या कोबेला जावं लागतं.

१७ जानेवारी १९९५, पहाटेचे ५ वाजून ४६ मिनिटं. कोबे तेव्हा जगातल्या पहिल्या सहा कंटेनर बंदरांत होतं. त्याचे मोठे धक्के पोर्ट आयलंड आणि रोक्को आयलंड या समुद्रात भराव घालून केलेल्या दोन बेटांच्या कडेनं होते. धक्का म्हणजे काँक्रीटच्या पोकळ अजस्र पेट्या, म्हणजे केसन, ओळीनं बुडवून बसवलेल्या. तळाशी दगडाचा थर, मागे भराव. समुद्रतळाची चिखलमाती वजन पेलणार नाही आणि वर्षानुवर्षं खचत राहील, म्हणून ती ड्रेजरनं उकरून काढली होती आणि तिच्या जागी डोंगरातून आणलेली माती भरली होती. तिथे या मातीला मसाडो म्हणतात. ती ग्रॅनाइट कुजून झालेली असते, बारीक-जाड दाण्यांची, खडे असलेली. आपल्या मुरमाची ती ग्रॅनाइटमधली बहीणच. आपल्याकडेही भरावात मुरूम आहे म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. तिथेही तसंच झालं. वाळू द्रवते, पण खडे असलेली अशी माती द्रवणार नाही, असा तोवरचा समज होता.

भूकंपानंतर या पेट्या समुद्राकडे सरासरी ३ मीटर, काही ठिकाणी ५ मीटरपर्यंत सरकलेल्या होत्या. १ ते २ मीटर खचल्या होत्या आणि सुमारे ४ अंश पुढे कलल्या होत्या. पडली म्हणावी अशी पेटी नव्हती. काँक्रीट धडधाकट. तरीही बंदर बंद. मला या घटनेतला सगळ्यात शिकवणारा भाग वाटतो तो पाण्यात उतरलेल्या पाणबुड्या माणसांनी केलेल्या तपासणीचा. आपण विद्यार्थी असताना गुरुत्व भिंतीच्या, म्हणजे स्वतःच्या वजनावर उभ्या राहणाऱ्या भिंतीच्या, तीन तपासण्या शिकतो, घसरणं, उलटणं आणि पायाखालचा दाब. साहजिक अंदाज असा की पेटी दगडाच्या थरावरून घसरली असेल. पाणबुड्यांना तसं काही सापडलं नाही. पेटी आपल्या दगडांवर जिथल्या तिथे होती. दगडांचा थर खालच्या मऊ झालेल्या मातीत रुतला होता आणि माती त्याच्याखालून बाहेर दाबली गेली होती. माती घट्टच राहील असं धरून केलेल्या आपल्या तीन तपासण्यांत हे दिसत नाही. ज्या मातीनं चिखलाची जागा घेतली होती, तीच दगा देऊन गेली.

माती अशी का वागते ते पुस्तकातल्या आलेखापेक्षा पुळणीवर लवकर कळतं. ओहोटी लागल्यावर ओल्या वाळूवर एकाच जागी पाय आपटत राहा. आधी घट्ट लागणारी वाळू थलथलीत होते, पाणी वर येतं, पाय रुततो. सैल वाळूचे दाणे हादऱ्यानं जवळ यायला बघतात, पण मधल्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही. दाण्यांनी एकमेकांवर टेकून पेललेलं वजन पाण्यावर येतं, आणि पाण्याला कातर-बल, म्हणजे थरावरून थर सरकवणारं बल, अजिबात पेलता येत नाही. याला द्रवीकरण म्हणतात. साइटवर सगळे लिक्विफॅक्शनच म्हणतात.

भिंतीमागे हे झालं तर किती फरक पडतो? दोन्ही बाजूला पाण्याची पातळी सारखी आहे असं समजा. पाण्याखालची शहाणी वाळू भिंतीला जो निव्वळ रेटा देते त्यात मातीचं पाण्यातलं वजन, घनमीटरला सुमारे १ टन, आणि त्याचा साधारण तिसरा हिस्सा आडवा. वाळू द्रवली की ती २ टन घनतेचा द्रव होते. पुढच्या पाण्याचा १ टन वजा केला तरी पूर्ण १ टन आडवा उरतो. रेटा तिप्पट. १५ मीटर उंच भिंतीला मीटरमागे ३७ टनांचे ११२ टन होतात, आणि ते सुद्धा हादऱ्याचं बल न धरता. या तिपटीला पुरेल अशी भिंत बांधता येत नाही असं नाही, पण तो पैसा मातीवर लावला तर निम्म्यात भागतं असा माझा अनुभव आहे. कोबेच्या त्याच बेटांवर जिथे भराव आधी ठोकून घट्ट केला होता, तिथे जमीन जवळपास खचलीच नाही, आणि शेजारचा न ठोकलेला भाग बसला. वायब्रो कॉम्पॅक्शन, स्टोन कॉलम, वाळूचे ठोकलेले कॉलम, सिमेंट मिसळून मातीच घट्ट करणं, यातलं काय निवडायचं ते मातीतल्या गाळाच्या प्रमाणावर ठरतं. गाळ जास्त असेल तर नुसतं कंपन देऊन काही साधत नाही.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. कोबेच्या माया धक्क्यावर तीन बर्थ, म्हणजे जहाज लागायच्या जागा, इतरांपेक्षा जास्त भूकंप-गुणांक धरून मुद्दाम मजबूत बांधलेले होते. ते वाचले आणि मदतीची जहाजं तिथे लागली. बाकीचं बंदर दोन वर्षांत पुन्हा उभं केलं, पण तोवर दुसऱ्या देशांचा जो माल कोबेत जहाज बदलून पुढे जायचा तो दक्षिण कोरियाच्या बुसानसारख्या बंदरांकडे वळला. कोबेला जुनं स्थान परत मिळालं नाही. धक्का दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील, हा प्रश्न म्हणून मी क्लायंटला पहिल्या बैठकीतच विचारतो. किती बळकट हवा, हे नंतर.

आपल्या देशातला धडा कांडल्याचा. फाळणीत कराची गेलं, पश्चिम किनाऱ्याच्या वरच्या भागाला मोठं बंदर उरलं नाही, म्हणून कच्छच्या आखातालगतच्या खाडीत कांडला उभं राहिलं. जागा सोयीची, माती वाईट. वर मऊ चिकणमाती, खाली वाळू, आणि भूकंप क्षेत्र पाचवं, म्हणजे तेव्हाच्या नकाशात सगळ्यात धोक्याचं. २६ जानेवारी २००१ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास झालेला भूकंप इथून पन्नासेक किलोमीटरवर होता. जुन्या धक्क्यांच्या पाइलना माथ्याशी भेगा पडल्या. पण सगळ्यात जास्त अभ्यास झाला तो बंदर आणि कस्टम कचेरीच्या मनोऱ्याचा. २२ मीटर उंच मनोरा, ३२ पाइल, प्रत्येक १८ मीटर लांब. मनोरा पडला नाही, पण कलला. माथा सुमारे ३० सेंटिमीटर ढळला. वरची सुमारे १० मीटर चिकणमाती शाबूत होती, तिच्याखालची वाळू द्रवली. पाइल त्या वाळूतच संपत होते, त्यांचे पाय घट्ट थरापर्यंत पोचलेले नव्हते. वरचा शाबूत थर खाडीकडे सरकताना पाइलना घेऊन निघाला. मी शिकवताना विद्यार्थ्यांना हा छेद काढायला लावतो. पाइल किती लांब हे बोअरवरून, म्हणजे जमिनीत भोक पाडून काढलेल्या थरांच्या नोंदीवरून, ठरतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण कुठला थर द्रवेल आणि पाइलचं टोक त्याच्या खाली किती जातं, असं विचारलं की वर्ग गप्प होतो.

हे सगळं तुमच्या पाइलवरच्या धक्क्याला कसं लागू होतं ते आता बघू, कारण केसनचे धक्के आपल्याकडे कमी, पाइलवरचे जास्त.

धक्क्याचा छेद डोळ्यांसमोर आणा. वर सपाट डेक, खाली समुद्राकडे उतरत जाणारा दगडी उतार. पुढचे, म्हणजे जहाजाकडचे पाइल पाण्यातून लांब खाली जातात, मागचे डेकखालून लगेच उतारात शिरतात. डेकपासून मातीतल्या पकडीपर्यंतची लांबी पुढे २० मीटर आणि मागे ५ मीटर असं धरा. पाइलचा आडवा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. चौपट फरकाचा घन ६४. म्हणजे एकाच मापाचे पाइल असूनही मागच्या रांगेतला एक पाइल पुढच्या चौसष्ट पाइलएवढा अडून बसतो. भूकंपाचं जवळपास सगळं बल मागच्या एक-दोन रांगा घेतात आणि आधी त्याच मोडतात. पुढच्या रांगांना क्रेनचं आणि डेकचं वजन पेलायचं असतं, आडव्या बलात त्या नावापुरत्या. त्यात वस्तुमानाचं केंद्र डेकच्या मध्याशी आणि ताठपणाचं केंद्र मागे, म्हणून धक्क्याच्या लांबीच्या दिशेनं हादरा आला की डेक पिळवटतो. सगळ्यात जास्त हाल टोकाच्या पाइलचे होतात, आणि तुकड्या-तुकड्यांमधले सांधे एकमेकांवर आपटतात. सांध्यात शिअर की, म्हणजे दोन तुकडे एकमेकांत अडकवणारी खुंटी, का घालायची ते इथून कळतं. मागची रांग थोडी सैल ठेवायची असेल तर तिथला पाइल उताराच्या वरच्या भागात मोठ्या व्यासाच्या बाहीतून नेतात, म्हणजे त्याची मोकळी लांबी वाढते. खर्च किरकोळ, फायदा मोठा.

दुसरी चूक R बद्दल होते आणि ती मी अनुभवी लोकांच्या गणितातही पाहिली आहे. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत पाचव्या क्षेत्राचा Z, म्हणजे क्षेत्राचा गुणांक, ०.३६ आहे, तिसऱ्याचा ०.१६. मऊ माती आणि धक्क्याचा आवर्तकाळ, म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ, १ सेकंद धरला तर माती आणि आवर्तकाळावरून ठरणारा गुणक Sa/g येतो १.६७. पाचव्या क्षेत्रात सगळ्यात मोठ्या विचारात घेतलेल्या भूकंपाला त्वरण झालं ०.६ g (g म्हणजे गुरुत्वाचं त्वरण), तिसऱ्यात ०.२७ g. या त्वरणांना होणारं सरकणं काढा. पाचव्या क्षेत्रात सुमारे १५ सेंटिमीटर, तिसऱ्यात साडेसहा. R नं बल भागलं तरी हे सरकणं भागलं जात नाही. धक्का १५ सेंटिमीटर सरकणारच आहे. प्रश्न एवढाच की तेवढं सरकताना मागच्या रांगेतला ५ मीटरचा आखूड पाइल माथ्याशी किती वाकेल आणि तिथलं काँक्रीट व सळई ते वाकणं सोसतील का. म्हणून बलाचं गणित करून पाइलची सळई काढली, संपलं, असं करू नका. धक्का ढकलत न्या, म्हणजे पुशओव्हर करा, प्रत्येक रांग कुठल्या सरकण्याला शरण जाते ते पाहा आणि त्याची मागणीशी तुलना करा. अमेरिकेतलं एएससीई ६१ हे पाइलवरच्या धक्क्यांचं मानक २०१४ साली आलं, त्याचा कणा हाच आहे. त्याआधीपासून लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांनी स्वतःचे नियम तसेच केले होते.

तिथे भूकंपाच्या पायऱ्याही ठरवलेल्या आहेत. ५० वर्षांत निम्मी शक्यता असलेला, म्हणजे सरासरी ७२ वर्षांनी येणारा भूकंप आला तर बंदर चालू राहिलं पाहिजे, नुकसान नगण्य. ५० वर्षांत १० टक्के शक्यतेच्या, ४७५ वर्षांच्या भूकंपाला धक्का मोडेल, पण हाताला लागेल अशा ठिकाणी, ठरवलेल्या मुदतीत दुरुस्त होईल इतकाच. त्याहून मोठ्याला माणसं वाचली पाहिजेत. आपल्याकडे आयएस ४६५१ मध्ये बंदराचे भार आहेत, भूकंप आयएस १८९३ मधून घ्यायचा, पण किती मोडलेलं चालेल हे क्लायंट आणि डिझाइनरनं बसून लिहून ठेवायचं असतं. ते क्वचितच लिहिलेलं असतं. तुम्ही लिहायला लावा.

मोडायचं कुठे? इमारतीचं सूत्र तुम्ही शिकलात, स्तंभ मजबूत आणि तुळई त्यापेक्षा कमकुवत. धक्क्यात ते उलटं असतं. डेक मजबूत, पाइल आधी वाकणारा. क्रेनमुळे डेक तसाही जाड करावाच लागतो, मजला एकच असतो, पाइल शेकडो असतात. पाइल डेकला जिथे मिळतो तिथे वाकवायचा, कारण ती जागा ओहोटीला पाण्याच्या वर असते आणि होडीतून दिसते. दुरुस्ती करणारा माणूस तिथे पोचतो. जमिनीत १०-१५ मीटर खाली, मऊ आणि घट्ट थराच्या सीमेवर पाइल मोडला तर तो कुणालाच दिसत नाही. कोबेच्या ताकाहामा धक्क्यावर लोखंडी पाइप-पाइल असे खाली जमिनीतही चेमटले होते आणि ते पाइल उपसून वर काढल्यावर नीट कळलं. ही खालची मोड हेलकाव्यामुळे होत नाही, सरकणाऱ्या उतारामुळे होते. म्हणून उताराची स्थिरता आणि पाइलची ताकद ही दोन वेगवेगळ्या विभागांत होणारी गणितं एका टेबलावर आणल्याशिवाय मी नकाशावर सही करत नाही.

रेकरचं उत्तर आता सोपं झालं. तिरपा पाइल आडवं बल अक्षातून, ताण-दाबातून घेतो. म्हणून तो फार ताठ. जहाजाच्या माराला उत्तम, धक्का तसूभर हलत नाही. भूकंपात हाच गुण उलटतो. १७ ऑक्टोबर १९८९च्या कॅलिफोर्नियातल्या लोमा प्रिएटा भूकंपात ओकलंड बंदराचा सेव्हन्थ स्ट्रीट टर्मिनल केंद्रापासून नव्वद-शंभर किलोमीटर दूर होता, तरी त्याचे रेकर माथ्याशी तुटले. सरळ पाइल वाकायला तयार होते, पण रेकरनी त्यांना वाकूच दिलं नाही. सगळं बल स्वतःवर ओढून घेतलं, आणि ताण सोसायला माथ्याचा सांधा पुरला नाही. एक रेकर तुटला की त्याचा वाटा शेजाऱ्यावर, मग तोही. त्यानंतर कॅलिफोर्नियातले नवे धक्के बहुतेक सरळ पाइलवरच झाले. तिरप्याला कायमची बंदी असं मात्र नाही. माथ्याशी ठरावीक बलाला शरण जाणारा फ्यूज ठेवला तर तो वापरता येतो. पण जुन्या नकाशावरून रेकर उचलून नव्या कामात टाकू नका.

आता साइटची गोष्ट, कारण कागदावरची लवचीकता तिथेच जाते. एका कामावर, नाव घेत नाही, बोअर पाइलचं, म्हणजे जमिनीत भोक पाडून ओतलेल्या पाइलचं, काँक्रीट ठरलेल्या पातळीपेक्षा जवळपास मीटरभर खाली थांबलं होतं. भरती चढत होती, लाइनरमध्ये, म्हणजे पाइलभोवतीच्या लोखंडी नळ्यात, पाणी, सगळे घाईत. दुसऱ्या दिवशी माथा तोडून साफ केला, वर सळई जोडली आणि कॉलर ओतून पाइल पातळीला आणला. रजिस्टरमध्ये नोंद पडली, बिल पास झालं. पण जोडाची लांबी नेमकी तिथे आली जिथे पाइल भूकंपात वाकणार होता, आणि उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा १०० मिलिमीटरवर हव्या होत्या त्या तोडफोडीत निम्म्या गेल्या होत्या. गॅस कटरनं कापलेल्या रिंगा मी स्वतः मोजल्या. अशा पाइलच्या काँक्रीटचे घन फोडून बघायची चाचणी झकास येते, भारचाचणीही पास होते. वाकण्याची परीक्षा मात्र फक्त भूकंपच घेतो. आम्ही मागच्या रांगेतले असे अकरा माथे पुन्हा उघडले. ठेकेदार नाराज झाला, आमचेही काही लोक नाराज झाले. आजही तेच करेन. वरच्या दोन मीटरमध्ये सळई जोडायची नाही आणि रिंग कापायची नाही, हे वाक्य नकाशावर मोठ्या अक्षरात लिहा. आणि त्या पातळीचं काँक्रीट संपेपर्यंत कुणीतरी जाणता माणूस तिथे उभा ठेवा.

गंज हा त्याच जागेचा दुसरा शत्रू. मुंबईला भरती-ओहोटीत मोठ्या दिवशी पाच मीटरपर्यंत फरक पडतो, कांडल्याला त्याहूनही जास्त. पाइलचा माथा कायम ओला-सुका होणाऱ्या पट्ट्यात. पंचवीस-तीस वर्षांत तिथल्या रिंगा, ज्या मुळातच बारीक, सगळ्यात आधी जातात. मुख्य सळई शाबूत असेल तर उभं वजन व्यवस्थित पेललं जातं, म्हणून कुणाला काही जाणवत नाही. भूकंपासाठी मात्र तो पाइल तेव्हाच संपलेला असतो. जुन्या धक्क्याची भूकंपाची तपासणी करताना मूळ नकाशातली सळई धरू नका. होडी घेऊन खाली जा, दोन-चार माथे उघडून पाहा.

क्रेनबद्दल थोडक्यात. कोबेत पुढचा रूळ पेटीवर होता आणि मागचा भरावातल्या वेगळ्या पायावर. पेटी पुढे गेली, रुळांमधलं अंतर फाकलं आणि क्रेनचे पाय चेमटले. दोन्ही रूळ एकाच डेकवर घ्या. ३० मीटरच्या गेजमुळे, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरामुळे, ते जमत नसेल तर मागच्या रुळाची तुळई पाइलवर घेऊन डेकला आडव्या तुळयांनी बांधा. हैतीत १२ जानेवारी २०१० ला पोर्ट-ओ-प्रिन्सचा उत्तर धक्का मातीसकट समुद्रात गेला आणि क्रेनही पाण्यात. सारं शहर मोडलेलं, मदतीची जहाजं वाटेवर, आणि त्यांना लागायला धक्का नव्हता. ती छायाचित्रं पाहिल्यापासून प्रत्येक बंदरात निदान एक बर्थ वेगळ्या दर्जाचा असावा, हा आग्रह मी धरत आलो आहे. त्या बर्थपर्यंत जाणारा रस्ता आणि पूलही त्याच दर्जाचे हवेत, नाहीतर वाचलेल्या धक्क्यावरचा माल गावात पोचत नाही.

तिसरा प्रश्न. वाढवणच्या कामाशी माझा संबंध नाही, त्यामुळे त्याच्या डिझाइनवर मी बोलणार नाही. तत्त्व सांगतो. डहाणू-तलासरीत झाले त्यातले सगळ्यात मोठे धक्के चार तीव्रतेच्या आसपासचे. धुंदलवाडीच्या घरांच्या भिंती त्यांनी तडकवल्या, लोकांना थंडीत तंबूत झोपावं लागलं, ते दुःख खरं आहे. पण तेवढ्या तीव्रतेला वाळू सहसा द्रवत नाही. त्यासाठी साधारण पाचच्या वरचा आणि काही काळ टिकणारा हादरा लागतो. रीतसर बांधलेल्या धक्क्याला हे छोटे धक्के धोका नाहीत. त्यांच्यावरून मोठा भूकंप येणारच किंवा येणारच नाही, असंही म्हणता येत नाही. किल्लारीचा भाग ३० सप्टेंबर १९९३ पर्यंत नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. म्हणून समुद्रात भराव घालून होणाऱ्या एवढ्या मोठ्या कामाला २०१६ च्या कोडच्या नकाशातलं तिसरं क्षेत्र वाचून थांबणं पुरत नाही. त्या जागेचा स्वतंत्र भूकंप-अभ्यास लागतो आणि भराव कसा घट्ट केला याच्या चाचण्या लागतात. भरावाच्या कामात ओतून झाल्यावर वरून सपाट दिसतं आणि सगळे खूष होतात. पाण्याखाली सोडलेली वाळू सैलच बसते, ती ठोकावीच लागते आणि ठोकल्यावर खोलवर मोजावी लागते.

तुमच्या चालू कामाचे बोअर तुमच्याजवळ असतील. त्यात राखी रंगाची बारीक वाळू असं लिहिलेले थर शोधा. पाच मीटरपर्यंत एन, म्हणजे ठोके देऊन मोजलेला घट्टपणाचा आकडा, १५ च्या खाली किंवा दहा मीटरच्या पुढे २५ च्या खाली असेल तर त्यावर पेन्सिलनं खूण करा आणि आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतल्या परिशिष्ट एफ मधलं द्रवीकरणाचं गणित त्या थरावर चालवा. एन मोजताना बोअरमधलं पाणी बाहेरच्या पातळीला होतं का, हेही ड्रिलिंगवाल्यांना विचारा. पाणी खाली असेल तर वाळू आत उसळते आणि आकडा खोटा पडतो. मग खूण केलेले थर पुढच्या रांगेखाली आहेत की मागच्या उतारात, आणि त्यांच्या खाली तुमचा पाइल किती मीटर जातो, एवढं मला कळवा. उतार खरोखर सरकणार का, ते त्यावरून पुढे पाहू.